बोंड न धरणारी पऱ्हाटी : जनुकं दुणावण्याचं एक प्रकरण

मामांच्या अंगणात, पाण्याच्या हौदाशेजारी, मधोमध कापलेल्या निळ्या ड्रममध्ये एक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, उभी आहे. माझ्या खांद्याला लागते. श्रावण सरला की तिला फुलं लागतात, ती थेट थंडी संपेपर्यंत. रोज सकाळी तीन-चार तरी उमललेली दिसतात. पण बोंड एकही नाही. फूल उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं आणि एक-दोन दिवसांत देठासकट गळून मातीत पडतं. रानातली कपाशी दिवाळीपर्यंत बोंडांच्या ओझ्याने वाकलेली, पानं लालसर होऊन थकलेली असते. ही मात्र हिरवीगार, कारण तिच्या अंगावर पोसायला काहीच नाही.

मी परभणी जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. जनुकांची जादा प्रत तयार होणं आणि त्यातून उत्क्रांतीला कच्चा माल मिळणं, हा भाग मी बरीच वर्षं फळ्यावर दोन चौकोन काढून शिकवला. एका चौकोनाचे दोन झाले, एक जुनं काम करतो, दुसरा नवं शिकतो, संपलं. या एका झाडाने मला तो विषय पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावला. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

रान आणि त्यातल्या दोन कपाशी

मामांचं रान मानवत तालुक्यात आहे. ओढ्याकडचा पट्टा भारी काळ्या मातीचा. पाऊस जास्त झाला की तिथे चिबड होतं, चार-चार दिवस पाय रुततो. वर माथ्याला एकरभर बरड, हाताने उकरलं तर वीतभर खाली मुरूम लागतो. सगळ्या रानात अमेरिकन कपाशीचं बीटी संकरित बियाणं असायचं. हे प्रकरण सुरू झालं त्या वर्षी मामांनी माथ्यावरच्या एकरात देशी सरकी टोबली. खर्च कमी, फवारे कमी, आणि बरडावर अमेरिकन तशीही उभी राहत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मराठवाड्याला देशी कापूस नवा नाही. नांदेडकडची गावराणी कपाशी निजामाच्या काळात नावाजलेली होती, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात मेहबूब बागेत देशी वाणांवर आजही काम चालतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतातलं जवळजवळ सगळं कापूसक्षेत्र देशी जातींखाली होतं. मग अमेरिकन आली, संकरित आली, आमच्याकडे नांदेड-44 ने एक काळ गाजवला, आणि 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यावर देशी कापूस बांधापुरता उरला.

दोन्ही झाडं शेजारी धरून पाहिली तर फरक डोळ्यात भरतो. देशीचं पान हाताच्या बोटांसारखं खोल चिरलेलं, फूल पिवळं, आणि पाकळीच्या तळाशी गडद तांबडा ठिपका. बोंड लहान, टोकदार, खाली मान घातलेलं. उकललं की कापूस बाहेर लोंबतो, वारा आला की जमिनीवर. अमेरिकनचं पान रुंद, फूल सायीच्या रंगाचं आणि बिनठिपक्याचं, बोंड लिंबाएवढं, चार-पाच पाकळ्यांचं. एका बोंडात देशीच्या जवळजवळ दुप्पट कापूस.

मुलांना रानात नेलं होतं. एका मुलीने विचारलं, "सर, देशीचा काटकपणा आणि अमेरिकनचं बोंड, दोन्ही एकाच झाडात का आणत नाहीत?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. देशीच्या पेशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकनच्या पेशीत 52. जमत नाही.

ती म्हणाली, "लावून बघायचं का?"

मामींचा अंगठा

मामी लग्नानंतर बरीच वर्षं जालन्याकडच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगच्या कामाला जायच्या. जालना हे बियाण्यांचं गाव, आणि तिथलं संकरित बियाणं अशा बायकांच्या अंगठ्यांवर तयार होतं. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याचं नख कळीच्या तळाशी रुतवायचं आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी एका झटक्यात सोलून काढायची. मधली स्त्रीकेसराची काडी मोडता कामा नये. नख थोडं जास्त रुतलं तर बीजांडकोश चिरतो आणि बोंड जातं, थोडं कमी रुतलं तर परागकोश राहून जातात. मग वरून रंगीत कागदाची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं ताजं फूल आणून त्याचे पराग काडीच्या टोकावर हलक्या हाताने फिरवायचे.

माझ्या मुलांनी पहिल्या दिवशी दहा कळ्या सोलल्या, त्यातल्या सहा मोडल्या. मामींनी बोलता बोलता वीस सोलल्या. आठवडाभरात अमेरिकनच्या 120 कळ्यांना देशीचे पराग लावून झाले.

तीन-चार दिवसांत गळ सुरू झाली. पातेगळ आमच्याकडे नेहमीची आहे, पण ही वेगळी. शेजारची आपोआप धरलेली बोंडं फुगत होती आणि आमची पिशवीतली एकेक करून पिवळी पडून गळत होती. 120 पैकी तीन टिकली. त्यांत मिळून सात सरक्या निघाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा चिपाड, बोटांत दाबली की आत पोकळ. पुढच्या जूनमध्ये दोन उगवल्या. एक रोपटं लहानपणीच मेलं. उरलं ते ड्रममधलं.

त्याला पहिलं फूल आलं त्या दिवशी तीच प्रश्न विचारणारी मुलगी घाईघाईने फोटो घेऊन आली. फिकट पिवळी पाकळी आणि तळाशी पुसट तांबडा ठिपका. आई अमेरिकन, तिला ठिपका नाही. म्हणजे तो बापाकडून आलेला होता आणि क्रॉस खरा होता. आम्हाला फार आनंद झाला. महिनाभर बोंडाची वाट पाहिली.

"ह्याला बोंड कामून धरंना?" मामींचा प्रश्न सरळ होता.

काचपट्टीवर

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली आधी पराग पाहिले. कपाशीचा पराग मोठा असतो, गोल, अंगावर काटे, एखाद्या धोतऱ्याच्या फळासारखा. ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकला की जिवंत पराग लालभडक होतो. मामांच्या रानातल्या अमेरिकनचे आणि देशीचे, दोन्हींचे पराग काचपट्टीवर कुंकवासारखे दिसले. ड्रममधल्या झाडाचे बहुतेक पराग रंगहीन, सुरकुतलेले. नुसती टरफलं.

का, ते पुढच्या काचपट्टीने सांगितलं. परभणीत संशोधन करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंनी त्याच झाडाच्या अगदी कोवळ्या कळ्या घेतल्या, ज्यांत पराग अजून तयार व्हायचे असतात. त्या पेशी रंगवून, दाबून, आम्हाला भिंगातून बघायला बोलावलं. गुणसूत्रं 39. त्यांतली बहुतेक मोठी गुणसूत्रं जोडीने उभी होती, सुमारे 13 जोड्या, एक-दोन ठिकाणी तीन-चार एकमेकांत गुंतलेली. आणि बाजूला 13 लहान गुणसूत्रं, एकेकटी, कुणाशीही जोडी न लावता विखुरलेली.

हे चित्र 1934 साली स्कॉव्हस्टेड या संशोधकाने अशाच संकरांत पाहिलं आणि कापसाची सगळी कुळकथा त्यातून उलगडली. अमेरिकन कपाशीच्या 52 गुणसूत्रांत दोन वेगळी घराणी नांदतात. 26 मोठी, ती आपल्या देशी कपाशीच्या घराण्यातली. 26 लहान, ती अमेरिका खंडातल्या रानटी कपाशीच्या घराण्यातली. पहिल्याला शास्त्रात ए म्हणतात, दुसऱ्याला डी. आमच्या झाडाला आईकडून ए आणि डी असे दोन्ही संच मिळाले, बापाकडून फक्त ए. देशीच्या 13 गुणसूत्रांनी अमेरिकनच्या आतल्या आपल्या भावकीला लाखो वर्षांनंतरही ओळखलं आणि जोडी लावली. गुंतलेली होती ती मधल्या काळात तुकड्यांची अदलाबदल झाल्याची खूण. डीच्या 13 ना जोडीला कुणीच नव्हतं. पराग तयार होताना जोडीतलं एक इकडे, एक तिकडे अशी सरळ वाटणी व्हावी लागते. एकेकटी गुणसूत्रं वाट्टेल तिकडे जातात, हिशेब बिघडतो, आणि पराग रिकामा राहतो.

मामींना मी केळीचं उदाहरण दिलं. अर्धापूरच्या केळीला बी नसतं, त्याचं एक मोठं कारण हेच. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत आणि तिघांची दोघांत वाटणी होत नाही. मामींनी मान हलवली. "मग तिला मुनव्यानं वाढवत्यात. हिला मुनवा बी नाही."

निसर्गाने मग कसं जमवलं

इथे मुलीने योग्य जागी बोट ठेवलं. देशीच्या घराण्यातली कपाशी आणि अमेरिकेतली रानटी कपाशी यांचा पहिला संकरही असाच वांझ असणार. मग अमेरिकन कपाशी जन्मली कशी?

ए घराणं आफ्रिका-आशियातलं, डी घराणं अमेरिकेतलं. दोघांचे पूर्वज 50 लाख ते एक कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. साधारण 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी ए घराण्याचं बी समुद्र ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं असावं. सरकी खाऱ्या पाण्यात बराच काळ तग धरते, त्यामुळे ही कल्पना वाटते तितकी अचाट नाही. तिथल्या डी कपाशीशी संकर झाला. तयार झालेल्या झाडात ए चा एक संच आणि डी चा एक संच, 26 एकेकटी गुणसूत्रं. आमच्या ड्रममधल्या झाडापेक्षाही वाईट अवस्था.

मग पेशीची एक चूक झाली आणि ती चूक तारक ठरली. पेशी विभागताना गुणसूत्रं दुप्पट होतात आणि दोन वाटे पडतात. कधी तरी वाटे पडतच नाहीत, सगळा माल एकाच पेशीत राहतो. तसं झालं की 26 चे 52 होतात, प्रत्येक गुणसूत्राला हुबेहूब जोडीदार मिळतो, पराग भरतात, बोंड धरतं. एका पिढीत नवी जात. तिच्याजवळ जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन-दोन प्रती, एक ए ची, एक डी ची.

हे नुसतं अनुमान नाही. टेक्सासमध्ये बीसली यांनी 1940 साली देशी कपाशी आणि अमेरिकेतली एक रानटी डी कपाशी यांचा वांझ संकर घेतला, कोल्चिसीनने त्याची गुणसूत्रं दुणावली, आणि झाड सुपीक झालं. कोल्चिसीन पेशीतल्या वाटे पाडणाऱ्या दोऱ्या बांधूच देत नाही. हे विष आपल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात कुंपणाला चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची ती वेल. तिचा कंद खाऊन माणसं दगावतात. म्हणूनच आमच्या झाडावर हा प्रयोग करायची मुलांची इच्छा असूनही मी तो करू दिला नाही. झाड वांझ राहिलं ते माझ्या निर्णयामुळेही, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

दुणावल्यावर पुढे काय

खरा विषय इथून सुरू होतो. जादा प्रत मिळणं ही एका क्षणाची गोष्ट आहे. तिचं पुढे काय होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

जपानी वंशाचे अमेरिकी शास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी 1970 साली हा विचार ठामपणे मांडला. जनुक एकच असलं तर नैसर्गिक निवड त्याच्यावर सतत पहारा ठेवते, कारण त्यात बिघाड झाला तर जीव मरतो. प्रती दोन झाल्या की एकीने काम सांभाळलं तरी पुरतं आणि दुसरीवरचा पहारा उठतो. तिच्यात बदल साचू शकतात. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "घरात कर्ता एकच असला की त्याला औत सोडून कुठं जाता येत नाही. दोन भाऊ असले म्हंजी एक रानात राहतो अन् दुसरा काहीबाही करून बघतो. जमलं तर जमलं, नाही तर बसून खातो."

बसून खाणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. लिंच आणि कॉनरी यांनी 2000 साली अनेक जीवांचे जनुकसंच तपासून दाखवलं की दुणावलेल्या प्रतींपैकी बहुतेक काही दशलक्ष वर्षांत गप्प होतात. पाठ्यपुस्तकं नवं काम शिकलेल्या प्रतीचीच गोष्ट सांगतात, त्यामुळे मुलांना वाटतं की प्रत वाढली म्हणजे फायदा झालाच. तसं नाही. मोडकळीला आलेल्या जनुकांचा खच सगळ्याच सजीवांच्या पेशींत पडलेला आहे.

तिसरा मार्ग मामांच्या बोलण्यात नव्हता, पण गावात तो घरोघरी दिसतो. दोघं भाऊ कामं वाटून घेतात. एकाकडे रान, दुसऱ्याकडे बाजार. मग दोघांतला एकही गेलेला परवडत नाही. दुणावलेली जनुकं टिकण्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे, आणि कापसात ते फार सुंदर दिसलं आहे.

आयोवात जोनाथन वेंडेल यांच्या गटाने 2003 मध्ये अमेरिकन कपाशीतल्या 40 जनुकजोड्या तपासल्या. त्यांतल्या सुमारे पाव जोड्यांत ए आणि डी या दोन प्रती सारखं काम करत नव्हत्या, एक पुढे, दुसरी मागे किंवा गप्प. एक जोडी मला विशेष वाटते. अल्कोहोल डीहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम बनवणारी ही जनुकं. फुलाच्या काही भागांत एक प्रत चालू आणि दुसरी बंद, तर दुसऱ्या भागांत नेमकं उलट. 2007 मध्ये त्याच जोडीवर ताण देऊन पाहिला गेला. रोपं पाण्यात बुडवली तर एक प्रत जागी होते, थंडीत ठेवली तर दुसरी. पेशी एकच, झाड एकच, आणि दोन प्रतींनी संकटं वाटून घेतलेली.

हे एन्झाइम आमच्या रानाशी थेट जोडलेलं आहे. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. मुळांना मग ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढावी लागते आणि त्या आडवाटेवर हे एन्झाइम लागतं. क्रॉसिंग केलं त्याच सप्टेंबरात ओढ्याकडच्या पट्ट्यात दोन दिवस पाणी उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि दुपारपर्यंत भरलेल्या पऱ्हाट्यांनी माना टाकल्या. आकस्मिक मर म्हणतात ती हीच. मामा बांधावर बसून राहिले, बराच वेळ बोलले नाहीत.

वर माथ्यावरची देशी तशीच उभी होती. मुलांनी लगेच वहीत लिहिलं, देशी पाण्याला टिकते, अमेरिकन टिकत नाही. मी ते खोडायला लावलं. माथ्यावर पाणी साचलंच नव्हतं, मग देशीची परीक्षा झाली कुठे? पुढच्या वर्षी ओढ्याकडच्या पट्ट्यात दोन्हींच्या सहा-सहा ओळी शेजारी शेजारी लावल्या. त्या वर्षी पाऊसच रुसला, पट्ट्यात एक दिवसही पाणी उभं राहिलं नाही. मराठवाड्यात प्रयोगाची अशी गत होते. ही नोंद वहीत अजून अर्धवट आहे आणि तशीच राहू दिली आहे.

पण एक गोष्ट नक्की सांगता येते. अमेरिकन कपाशीत या एन्झाइमच्या दोन प्रतींनी काम वाटून घेतलं आहे म्हणून ती अतिवृष्टीत वाचते, असं मुळीच नाही. आमच्या डोळ्यांसमोर ती मेली. जनुकांची वाटणी लाखो वर्षांत दुसऱ्या खंडात, दुसऱ्या पावसात झाली. आपल्या ओढ्याकडच्या पट्ट्याचं तिला काही ठाऊक नाही.

सूत न देणाऱ्याचा वाटा

आता धाग्याची गोष्ट. कापसाचा एक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, ताणून ताणून अडीच-तीन सेंटिमीटर झालेली. मुलांना हे सांगितलं की ती हमखास कापसाचं बोंडूक उचलून एकेक तंतू वेगळा करायला लागतात. रानटी डी कपाशीच्या बियांवर सूत काढण्याजोगा धागा नसतोच, नुसती लव असते. सूत काढता येणारा धागा ए घराण्याचा. मग अमेरिकन कपाशीचा लांब, मजबूत धागा कुणाची देणगी? उत्तर सोपं वाटतं, ए ची.

1998 मध्ये पॅटरसन यांच्या गटाने धाग्याची लांबी आणि मजबुती ठरवणाऱ्या जागा गुणसूत्रांवर शोधल्या, तेव्हा त्यांतल्या अनेक डी च्या गुणसूत्रांवर निघाल्या. ज्या घराण्याने आयुष्यात सूत दिलं नाही, त्याच्या प्रतींनी सोबतीला आल्यावर धाग्यात हातभार लावला. ए च्या प्रती धाग्याचं जुनं काम सांभाळत होत्या म्हणून डी च्या प्रतींना त्यात नवं काही करून बघायला मोकळीक मिळाली असावी, असा याचा अर्थ लावला जातो. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मी फळ्यावर काढत होतो ते दोन चौकोन हुबेहूब सारखे होते. इथे दोन प्रती मुळातच वेगवेगळ्या घरच्या, आणि नवं काम निघालं ते त्या वेगळेपणातून.

माझी एक चूक

मुलांना मी अनेकदा म्हटलं होतं, देशी एकेरी, अमेरिकन दुहेरी. गुणसूत्रांच्या मोजदादीपुरतं ते ठीक आहे. पण 2012 मध्ये डी घराण्यातल्या पेरूमधल्या रानटी कपाशीचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि दिसलं की सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी कापसाच्या पूर्वजात सगळा संच पाच-सहा पटींनी वाढला होता. त्यातल्या बहुसंख्य प्रती नंतर गळाल्या, उरलेल्या इतक्या बदलल्या की झाड पुन्हा साध्यासारखं वागू लागलं. दोन वर्षांनी देशी कपाशीचा संच वाचला गेला. तिच्यातही त्याच जुन्या दुणावणीच्या खुणा. म्हणजे माथ्यावरची आमची साधी, काटक देशीसुद्धा मुळात दुणावलेल्या घराण्यातलीच, फक्त तिचा हिशेब फार पूर्वी मिटलेला. मी पुढच्या वर्गात जाऊन हे वाक्य दुरुस्त केलं.

आणि देशीच्या काटकपणाचं श्रेय मी प्रतींच्या संख्येला देणार नाही. शेकडो वर्षं कोरडवाहू रानात पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी निवडून ठेवलेलं बी, खोल जाणारं सोटमूळ, मोजकीच बोंडं धरण्याची सवय, असा तो काटकपणा आहे. जुळवून घेण्याचे मार्ग अनेक असतात. दुणावणं हा त्यांतला एक.

किडीच्या बाजूने

मामांचा नेहमीचा प्रश्न: "दरसाल औषध महाग होतं अन् दरसाल लागू व्हायचं कमी होतं, हे कसं?" याच्या एका भागाला उत्तर जनुकांच्या प्रतींतच आहे. मिरचीवर, बटाट्यावर येणारी एक माव्याची जात आहे. तिच्या शरीरातलं एक एन्झाइम फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाला पकडून निष्प्रभ करतं. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडमध्ये डेव्हनशायर आणि साविकी यांनी 1979 मध्ये दाखवलं की माव्याचा प्रतिकार एकेक पायरी वाढतो तसं त्या एन्झाइमचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होत जातं. पुढे कळलं की जनुकाच्या प्रतीच वाढत होत्या, काही माव्यांत 80 च्या आसपास. इथे नवं काम शिकण्याची वाट पाहावी लागली नाही. जुनंच काम जास्त हातांनी. अशी वाढ काही वर्षांत रानभर पसरते, कारण फवारा हाच तिचा पहारेकरी असतो.

पण मुलांनी लगेच गुलाबी बोंडअळीला हेच उत्तर लावलं, तेव्हा थांबवावं लागलं. तिने बीटीला दाद देणं सोडलं ते निराळ्या वाटेने. भारतातल्या अळ्यांत बीटीचं विष ज्या प्रथिनाला चिकटतं त्याचं, कॅडेरिनचं, जनुक ठिकठिकाणी मोडलेलं सापडलं. कुलूपच बदललं, किल्ली लागेना. बोंडअळीने आमच्या भागात जे नुकसान केलं ते पाहता एका कारणात सगळं कोंबण्याचा मोह होतो, पण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून कारणंही वेगळी ठेवायला हवीत.

झाड अजून आहे

त्या मुलीने पुढे परभणीला बी.एस्सी. ॲग्रीला प्रवेश घेतला. सुट्टीत येते तेव्हा आधी ड्रमकडे जाते, कळ्या उलटून बघते. क्वचित एखादी फांदी आपोआप दुणावते आणि त्या फांदीला बोंड धरू शकतं, हे तिने वाचलं आहे. अजून तरी तसं काही झालेलं नाही.

मामांना झाड काढून ड्रम मोकळा करायचा होता. मामींनी काढू दिलं नाही. पहाटे अंगण झाडून झालं की त्या ड्रमजवळ येतात, ताजी उमललेली दोन-तीन फुलं खुडतात आणि देवघरात नेऊन ठेवतात. रानातल्या पऱ्हाटीचं फूल त्या कधीच तोडत नाहीत.

"त्याचं बोंड व्हायचं असतंय," त्या म्हणतात. "हिची फुलं देवालाच."